स्थानिकांना खोली नाही

"काका, आधार कार्ड द्या की," सोनाली म्हणाली.

"मला ओळखत न्हाईस व्हय गं?" बब्रुवानरावांनी हसत विचारलं.

"मी ओळखते की. पर कंपूटर कुठं ओळखतंय?"

हे बोलणं चाललं होतं बोरगव्हाणच्या देशमुखांच्या गढीत, देवडीवर. पूर्वी इथं पहारेकरी बसत. आता काचेचं टेबल होतं, टेबलावर कंपूटर आणि कंपूटरमागे छातीवर नावाची पट्टी लावलेली सोनाली, गावातल्या सीताबाईची सून. पुण्याच्या एका कंपनीनं वर्षापूर्वी गढी वीस वर्षांसाठी चालवायला घेतली, तेव्हापासून ती इथं नोकरीला होती. करारावर अकरा वाटेकऱ्यांच्या सह्या झाल्या. दहाजण पुण्या-हैदराबादचे. अकरावे बब्रुवानराव. ते गढीतच जन्मले, गढीतूनच रोज कळंबला जाऊन पंचायत समितीत बत्तीस वर्षं कारकुनी केली आणि निवृत्त होऊनही गढीतच राहिले. सही करून मग बायकोसह कळंबला दोन भाड्याच्या खोल्यांत गेले.

आज त्यांचा पुण्याचा चुलतभाऊ रणधीर यानं भावकीच्या सुट्टीसाठी अख्खी गढी दोन दिवस घेतली होती. चौदा माणसं टेम्पो ट्रॅव्हलरनं आली. बब्रुवानराव त्यांच्याआधी तासभर एसटीनं येऊन दारात उभे. कुणाची बॅग घे, कुणाला 'डोकं सांभाळा, चौकट खाली आहे' सांग, असं करता करता सगळ्यांची नोंद झाली आणि ते एकटे मागे राहिले.

त्यांचा या सुट्टीत स्वार्थ एकच होता, झोप. कळंबच्या त्या खोलीत वर्षभर त्यांना धड झोप लागली नव्हती. डॉक्टर म्हणाले, वय झालं. गोळ्या दिल्या. बब्रुवानरावांना पक्कं ठाऊक होतं की वयाचा काही संबंध नाही. डोक्यावर गढीचं मातीचं माळवद नव्हतं, एवढंच. डोळे मिटताना वर सागवानी तुळया दिसायच्या, त्या दिसत नव्हत्या. बायको तारामतीबाई लेकीच्या बाळंतपणाला लातूरला गेल्या होत्या. तेव्हा एक रात्र आपल्या खोलीत गाढ झोपायचं, या आशेनं त्यांनी पिशवीत धुतलेला सदरा आणि जुनी चादर घेतली होती.

सोनालीनं कार्ड पाहिलं, मग पडद्याकडं पाहिलं आणि ओढणीच्या टोकानं कपाळ पुसलं.

"काका, ह्यावर तर हितलाच पत्ता हाय."

"मग कुठला असणार?"

"आवो, स्थानिक पत्ता असला की खोली देता येत न्हाय. गावातलीच टोळकी येऊन पीत बसत्यात म्हणून नियम केलाय. आन् तुमच्या कार्डावर तर नुसतं गाव न्हाय, गढीच लिवलीय."

पत्ता बदलून घ्या, म्हणून तारामतीबाई वर्षभर मागे लागल्या होत्या. बब्रुवानराव दरवेळी सर्व्हर बंद असल्याचं सांगत. सर्व्हर चालू की बंद हे बघायला ते एकदाही गेले नव्हते. हजारो लोकांच्या रहिवासाच्या कागदांवर ज्यानं शिक्के मारले, त्याला स्वतःचा रहिवास हलवायचा धीर झाला नाही.

सोनालीनं पुण्याला साहेबांना फोन लावला. पलीकडचं बोलणं लांबत गेलं, ती नुसतं "व्हय सर, व्हय सर" करत राहिली. फोन ठेवून खाली मान घालून म्हणाली, "साहेब म्हणत्यात, हितं राहणारा माणूस हितं राहायला येऊच शकत न्हाय. त्याला आधी जावं लागतंय."

"मी गेलोय की गं! वर्ष झालं."

"कार्डावर न्हाय ना गेला, काका."

हे मात्र खरं होतं. रागवावं तर कुणावर? पोरीचा दोष नाही. साहेब कोण, कुठला, त्याचं तोंड पाहिलेलं नाही. करारावर सही तर आपलीच आहे, तीही वळणदार.

"भेटायला आलेल्यांना सहापर्यंत बसता येतंय," सोनाली म्हणाली. "तवर तुमी आत जावा. बघू काय होतंय."

आत जेवणाची तयारी चालली होती. रणधीरची बायको अर्पिता लगबगीनं आली. "दादा, बरं झालं आलात. गरम पाणी कुठून येतं हो इथं?"

"परसात चूल..." ते सुरू झाले आणि थांबले. परसात आता निळ्या फरशीचा पोहण्याचा हौद होता. एका पुतण्याला मीठ हवं होतं. ते कोठीघराकडं निघाले. दारावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी. हात कडीपर्यंत जाऊन परत आला. पाहुणा म्हणून बसावं तर बसवेना, यजमान म्हणून उठावं तर काही सापडेना. इकडं आड, तिकडं विहीर.

जेवणानंतर टोपी घातलेला एक माहितगार गडी पोरांना गढी दाखवू लागला. बब्रुवानराव मागं मागं गेले. कोपऱ्यातल्या दगडी तोंडाशी थांबून तो म्हणाला, "हे भुयार थेट नळदुर्गला निघतं."

"अरे बाबा, हे पेव हाय," बब्रुवानरावांना राहवेना. "ज्वारी साठवायचं. माझे वडील दोरानं उतरायचे."

"काका, प्रश्न शेवटी घेऊ," तो अदबीनं म्हणाला. पोरं भुयारात वाकून पाहत होती. ज्वारीत कुणाला रस असणार? बब्रुवानरावांनाच क्षणभर वाटलं, असेलही भुयार. इतकी वर्षं राहून आपल्यालाच काही माहीत नसेल.

त्यांच्या खोलीला चार नंबर आला होता. दार उघडंच होतं. आत रणधीरची दोन पोरं पलंगावर मोबाइल बघत लोळली होती. बब्रुवानरावांनी उंबऱ्यात उभं राहून वर नजर टाकली. तुळया होत्या. नवं पॉलिश होतं, पण त्याच होत्या. चौथ्या तुळईवरची गाठसुद्धा जागेवर होती. त्या उभ्या जागीच त्यांना जांभई आली. वर्षभरात अशी जांभई आली नव्हती.

साडेपाचला रणधीर त्यांना हाताला धरून देवडीवर घेऊन आला. "दादा, सुटला प्रश्न! ड्रायव्हर लोकांना कार्ड लागत नाही. देवडीशेजारी त्यांची खोली आहे, तिथं तुमचं नाव टाकू. झोपा मात्र तुमच्याच खोलीत. पोरं खाली गादी घालतील."

सोनालीनं मुकाट्यानं वही पुढं केली. बब्रुवानरावांनी पेन घेतलं. नावापुढं 'चालक' एवढंच लिहायचं होतं. ड्रायव्हर होण्यात कमीपणा कसला? उलट पोटापाण्याचा सच्चा धंदा. मग हात का अडतोय, हे त्यांना समजेना. आत खोली होती, तुळया होत्या, झोप होती. मधे एक शब्द होता.

"ह्याच्याखाली सही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी," सोनाली म्हणाली. तिनं वर भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. "करा तुमी काका. मी बघते साहेबांचं."

बब्रुवानराव तिच्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि वहीवर ठेवलं.

"न्हाय रणधीर. ह्या दारात उभं राहणाऱ्या माणसाच्या पोटावर आपल्या घरानं कधी पाय दिला न्हाय. आता मी कशाला देऊ?"

"अहो दादा, एका रात्रीचा तर प्रश्न..."

"व्हय, एकच रात्र हाय. काढीन कळंबात."

बोलून झाल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी पिशवी उचलली. आपण बरोबर केलं की निव्वळ मूर्खपणा, हेही त्यांना धड उमगलं नाही.

सहाला पाच मिनिटं कमी होती. कळंबची गाडी सव्वासहाची. सगळी भावकी त्यांना निरोप द्यायला दारापर्यंत आली. अर्पितानं डब्यात शेंगापोळ्या बांधून दिल्या. धाकट्या पोरांनी पाया पडून घेतलं. बब्रुवानराव उंबरा ओलांडून बाहेर आले, वळले, आणि आत उभ्या असलेल्या सगळ्यांना हात जोडून म्हणाले, "बरं, काही कमीजास्त झालं असंल तर राग मानू नका. या परत. सवडीनं या."

रणधीर चष्मा काढून पुसू लागला.

तेव्हा काचेच्या टेबलामागून सोनाली उठली. तिनं डोक्यावर ओढणी घेतली आणि उंबऱ्याच्या आतून, पाहुणी निघताना करते तसा, वाकून नमस्कार केला.

"व्हय काका," ती म्हणाली. "येते मी."