निघतं जेवण

भिलाईचं रुआबांधा संपलं की डांबरी रस्ताही संपतो आणि पुढं लालसर मुरमाचं उघडं माळरान लागतं. इकडं त्याला भाठा म्हणतात. भाठ्यावर धान होत नाही, म्हणून तिथं कोणी राहत नव्हतं. कोणी राहत नव्हतं, म्हणून पोलादाचा कारखाना उभारायला भंडाऱ्याकडून आलेल्या मजुरांना तिथं राहू दिलं. वस्तीचा इतिहास एवढाच. बाकीचा मागाहून रचलेला आहे.

वस्तीचं नाव बाराघर. सुरुवातीला घरं अकराच होती. बारावं ठेकेदाराचं सिमेंटचं गोदाम. पण कुलूप तेवढ्या एकाच दाराला होतं, त्यामुळे ते सोडून मोजायची कोणाची हिंमत झाली नाही. पुढं पोरं कारखान्यात रेगुलर लागली, घरं वाढली, विहार झालं, पिंपळ मोठा झाला. मग तीच पोरं रिटायर झाली आणि त्यांची पोरं नागपूर, पुणे, रायपूर अशी पांगली. आता कुलपांची कमतरता नाही.

माणसं मोजायची बाराघरची पद्धत मात्र सरकारी नाही. पहिल्या दिवसांत सगळ्यांचा स्वयंपाक एका चुलीवर व्हायचा. भाठ्यावरचं ऊन सोसलं नाही की एखादा गडी पहाटे न सांगता गावी पळायचा आणि त्याच्या वाट्याचा भात उरायचा. तेव्हा देवाजी नावाच्या मुकादमानं नियम घातला: ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं, पण आधी सगळ्या वस्तीला जेवू घालावं. ते निघतं जेवण. ते झालं की त्याच्या नावाचा तांदूळ बंद. न जेवू घालता गेला, तर तो गेलेलाच नाही; बाहेर गेला आहे, येईल. शिवाय वस्तीतल्या एकानं जरी पत्रावळीला हात लावला नाही, तरी जेवण पुरं होत नाही. ही शेवटची अट देवाजीनं का घातली ते कोणाला ठाऊक नाही. म्हाताऱ्या भीमाबाईच्या मते, एका जेवणाला देवाजीलाच बोलवायचं राहिलं होतं.

चुली वेगळ्या झाल्या, गॅस आले, नियम राहिला. जे पांगले ते रीतसर मटण-भात घालून पांगले. एक सोडून. आणि तो एक निघाला खुद्द देवाजीचा नातू.

देवाजीचा मुलगा कवडू, कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या भट्टीवरून रिटायर झालेला. आपण दगड पचवतो असा त्याचा दावा होता आणि लग्नांच्या पंगतीत तो त्यानं वेळोवेळी सिद्धही केला होता. त्याचा एकुलता मुलगा नागसेन. बापाला मुलगा कारखान्यात हवा होता, मुलाला पुण्याची कंपनी हवी होती. भांडण झालं आणि नागसेन बॅग उचलून दुर्ग स्टेशनाकडं चालता झाला. त्या गडबडीत जेवण राहिलं. त्याला सात वर्षं झाली. दर रविवारी त्याचा फोन येतो. बापलेक हवामानावर बोलतात. हवामानात दोघांनाही रस नाही.

कवडूची बायको रुक्मा रोज भातात एक मूठ जास्त टाकते. ती मूठ दारातल्या कुत्र्याला जाते. कुत्रं इतकं गोल झालं आहे की अनोळखी माणूस आला तरी बसल्या जागेवरूनच भुंकतं.

यंदाच्या थंडीत वस्तीला पाटी मंजूर झाली. नाव, स्थापना, लोकसंख्या. रंगवायला कोहक्याचा दयाराम पेंटर आला. नाव चटकन झालं. स्थापनेवर दोन दिवस गेले, कारण प्रत्येक घराचा आजोबा सगळ्यांच्या आधी आला होता. शेवटी दयारामनं ‘कारखान्याच्या आधी’ असं लिहून विषय मिटवला. लोकसंख्येपाशी मात्र त्याचा ब्रश अडला.

"कतका लिखंव, कका?" त्यानं कवडूला छत्तीसगढीत विचारलं.

"एक्केचाळीस."

"चाळीस," भीमाबाई म्हणाली. "तुह्या पोट्ट्याले मोजून राहिला का तू?"

"त्यानं जेवण घातलं का?"

"नाही."

"मंग तो आहे."

"हाव बाप्पा, आहे. पुण्यात आहे. इथून दिसत नाही, एवढंच."

पारावरची माणसं हसली. कवडूनंही हसल्यासारखं केलं. नियमानं तो बरोबर होता, आणि म्हणूनच हसू जास्त लागत होतं. "आयतवारपर्यंत थांब," असं दयारामला सांगून तो घरी गेला आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्वतः फोन लावला. त्याला ‘ये’ म्हणायचं होतं. तो शब्द तोंडात बसेना, म्हणून त्यानं वळसा घेतला.

"पाटी रंगवून राहिले इथं. माणसं लिहाची आहेत."

"बरं."

"तुह्यं काय करू? तू तर निघतं जेवणही नाही घातलं. लोक हसून राहिले मले."

नागसेन म्हणाला, "बरं, बाबा. येतो आयतवारी."

टोमणा लागू पडला, असं कवडूला वाटलं. बाराघरात आमंत्रण सरळ देत नाहीत. "आता आमाले कायले ओळखसान" म्हटलं की समजायचं, जेवायला बोलावलं. पण नागसेन सात वर्षं पुण्यात राहिला होता. तिथं टोमणा म्हणजे टोमणाच असतो.

कवडूनं मागच्या खोलीला चुना मारला. खाटेची सुतळी बदलली. नवी गादी डोक्यावर घेऊन तो मुद्दाम पिंपळाखालून आला, म्हणजे कोणी विचारावं. भीमाबाईनं विचारलं नाही.

"राहाले येतो म्हणाला का?" रुक्मानं विचारलं.

"येतो म्हणाला."

"येणं आन् राहणं यात फरक असते जी."

"तुले काही समजत नाही," कवडू म्हणाला. तिला समजतं हे माहीत असलं की तो हेच म्हणतो.

रविवारी सकाळी मुरमाची धूळ उडवत एक पिकअप आली. मागं दोन मोठी भगुणी, बुंदीचे डबे, पत्रावळींचा गठ्ठा आणि भिलाई-३चे दोन आचारी. पुढून नागसेन उतरला. थोडा जाड झाला होता. तो बापाच्या पाया पडला, आईच्या पडला.

"हे कायचं रे?" रुक्मानं भगुण्यांकडं बघत विचारलं.

"निघतं जेवण, आई. बाबांनी फोनवर सांगतलं ना. माह्यापायी लोक हसून राहिले म्हणे त्याईले. म्हटलं, करून टाकू एकदाचं."

सगळी वस्ती कवडूकडं बघायला लागली. एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. कवडू भगुण्याजवळ गेला, झाकण उचलून आत बघितलं आणि झाकण ठेवलं.

"एक्केचाळीस माणसाले एवढं?" तो म्हणाला.

"चाळीस," भीमाबाई म्हणाली. "घालणारा जेवत नसते."

दुपारी पिंपळाखाली पंगत बसली. मटण चांगलं झालं होतं. वास विहाराच्या मागपर्यंत गेला. देवाजीचा मुलगा म्हणून पहिली पत्रावळ कवडूची. ती वाढून झाली, पंगतीचे हात थांबले. कवडू मांडी घालून बसला होता आणि पिंपळाची पानं बघत होता.

"माह्यं पोट बिघडलं," तो म्हणाला.

"तुह्यं?" भीमाबाई म्हणाली. "दगड पचवतो म्हणत होता ना?"

"दगड पचते."

"बुंदीचा एक दाणा घे मंग. नियम होऊन जाते."

"गोड मना आहे मले."

"भात?"

"भातानंच तर बिघडलं."

पंगत हसली आणि जेवू लागली, कारण मटण थंड करावं असं नियमात कुठं नव्हतं. नागसेन वाढता वाढता बापासमोर येऊन उभा राहिला.

"बाबा, एक घास."

"डॉक्टर नाही म्हणते."

"कोणता डॉक्टर?"

"आहे एक."

"कधीपासून दुखते?"

"जुनं आहे," कवडू म्हणाला. तो उठला, न खाल्लेली पत्रावळ तशीच ठेवली आणि घराकडं निघाला.

नागसेन उरलेली पंगत वाढत राहिला. माणसं दुसऱ्यांदा मागत होती, तिसऱ्यांदाही मागत होती. कवडूच्या पत्रावळीवर माशा बसल्या. हात धुवायच्या निमित्तानं नागसेन घरात गेला.

स्वयंपाकघरात कवडू जमिनीवर बसून सकाळचा भात जवसाच्या चटणीशी कालवून खात होता. बराच खात होता. रुक्मा चटणीचा डबा धरून शेजारी बसली होती. दारात कुत्रं उभं होतं. हा भात रोज आपल्याला मिळतो, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"पोट?" नागसेननं विचारलं.

कवडूनं घास गिळला. "घरचं चालते."

नागसेन थोडा वेळ उंबऱ्यावर उभा राहिला. उघड्या दारातून मागची खोली दिसत होती. ओला चुना, कोरी गादी, ताणलेली खाट. मग तो खाली बसला आणि आईपुढं हात केला. रुक्मानं ताट पुसून दिलं. पातेल्यात उरलेला भात बरोबर एका माणसाचा होता. तिनं तो सगळा त्याला वाढला.

"घालणारा जेवत नसते," कवडू म्हणाला.

"भूक लागली, बाबा."

रंग वाळायला लागला म्हणून बाहेरून दयाराम ओरडला, "का लिखंव, कका? रंग सुखावत हे!"

जो आकडा कवडू आठवडाभर सांगत फिरला होता, तो सांगायचं सोडून त्यानं रुक्माच्या हातातला चटणीचा डबा घेतला आणि मुलापुढं सरकवला.

"एक्केचाळीस लिख दे, भैया," नागसेननं बसल्या जागेवरून सांगितलं.

पिंपळाखाली भीमाबाईनं नाक मुरडलं आणि बुंदी आणखी मागून घेतली.

रात्री नव्या गादीवर नागसेन एकटाच झोपला. कुत्रं खोलीच्या दारात रुसून पडलं होतं. दुसऱ्या दिवशी नागसेनची पुण्याची गाडी होती. कवडू त्याला डांबरी रस्ता लागतो तिथपर्यंत सोडायला आला. दोघं तिथं नुकत्याच उभ्या केलेल्या पाटीपाशी थांबले.

"पोट बरं झालं की कळवतो," कवडू म्हणाला. "मंग घाल जेवण."

"हाव," नागसेन म्हणाला. "घाई नाही."