म्हातारीची बाज

गाठ नेमकी कमरेखाली आली होती. बाजेची दोरी कधीतरी तुटली, आईनं ती तशीच बांधली, आणि आता कूस बदलायचाही कंटाळा करत विशाखा अंगणात त्या गाठीवरच पडून होती... लातूरहून किल्लारीपर्यंत उभ्यानं एसटी, पुढं जीप, त्याआधी आठवडाभर शाळेतले निकाल, आणि उद्या आईला कायमचं घेऊन परत. लातूरच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आई झोपेल का, या एका प्रश्नानं तिला वर्षानुवर्षं दमवलं होतं.

"ती बघ म्हातारीची बाज," शेजारच्या बाजेवरून आई आभाळातल्या सप्तर्षींकडं बोट करत म्हणाली. "चार पाय, अन् मागं तीन चोर. अजून न्हाई नेली कुणी."

हे चोर विशाखाला पाचव्या वर्षापासून ठाऊक होते. त्याच वर्षी भूकंपात जुनं घर बसलं, आजी त्यातच गेली. मग पत्र्याचं शेड, मग हे पक्कं घर—पण उन्हाळ्यात आई अंगणातच. आईला छताची भीती बसलीय, असं विशाखा स्टाफरूममध्ये सांगायची, थोडं कौतुकानं, थोडं वैतागून.

मघाशी वाकळ आणायला ती आत गेली, तेव्हा पंख्याखाली अंथरलेली खाट दिसली होती. उशाशी चष्मा, मलमाची डबी.

"आई, आत कोण झोपतं?"

"मीच की. दुसरं कोन हाय?"

"मग हे बाहेर?"

"तू आलीस की टाकते." आईनं जांभई दिली. "लहानपणी आत नेलं की लई रडायचीस. भिंतीला हात लावून बसून राहायचीस. मग तुला चोर दाखवायचे... अजून बी वाटतं, पोरगी दमून आली, एक रात्र तरी झोपू दे."

विशाखाला राग आला—इतकी वर्षं सांगितलं का नाही!—पण राग धरून ठेवायचंही त्राण नव्हतं. मग तिसऱ्या मजल्यावर रात्रभर टक्क जागी असते ती कोण? निकाल, वह्या, पाठदुखी... मी त्या जागरणाला रोज काहीतरी नाव देत आले. वरच्या घरात कुणी खुर्ची सरकवली की मी उठून बसते, तहान नसताना पाणी पिते.

"मला काय, कुठं बी झोप येते," आई म्हणाली. "तू झोपतीस का तिथं?"

थोड्या वेळानं आई घोरू लागली. विशाखाला झोप हवी होती, फार हवी होती. पण आज पहिल्यांदाच, उघड्यावर असूनही, ती येईना.