एकाच नंबरची अकरा खाती

शिमगा होऊन पंधरा दिवस झाले तरी लंकाबाईचा मुलगा आणि सून घरी आले नव्हते. हरसूलच्या पाड्यांवरची माणसं दिवाळीनंतर कामाला कुठंही जावोत, शिमग्याला परततातच. न येणारा एक तर आजारी असतो, नाहीतर त्याला कुणी येऊ देत नसतं. एवढं लंकाबाईला कळत होतं. म्हणून बाजाराच्या दिवशी ती सरळ बँकेत आली.

काउंटरवर गोरक्ष पगारे बसले होते. निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि बायको जाऊन सात महिने झाले होते. रोज सकाळच्या एसटीने नाशिकहून यायचं, काम करायचं, संध्याकाळच्या एसटीने परत जायचं. डबा आणणं त्यांनी सोडून दिलं होतं.

लंकाबाईने मुलाचं पासबुक पुढे सरकवलं. "साहेब, पैसं नको मला. पैसं कुठून काढत्यात तेवढं सांगा. पैसं निघतात तिथंच पोरगा आसंल का नाय?"

"दुसऱ्याच्या खात्याचं सांगता येत नाही, मावशी."

"दुसऱ्याचं कुठं? माझ्या पोटचा हाय तो."

मल्हारी शिपाई हसला. "मावशी, बँकेत पोट चालत नाय, सही चालते."

"तुझी बायको तुला कशी नांदवते रं?" असं म्हणून ती बाकावर बसली ती उठेचना.

शेवटी दुपारी गोरक्षनी तिच्या मुलाचं, दीपकचं, खातं उघडलं. तो कुठल्याशा वीटभट्टीवर होता, कुठल्या ते घरी माहीत नव्हतं. दर शनिवारी मजुरी जमा व्हायची आणि त्याच संध्याकाळी सगळी निघायची, दोनशे किलोमीटरवरच्या एका एटीएममधून. खात्याचा मोबाईल नंबर ओळखीचा वाटला. त्या नंबरावर शोधलं तर अकरा खाती निघाली, सगळी याच भागातल्या मजुरांची. अकरा जणांचे पैसे त्याच मशीनमधून, दहा-बारा मिनिटांत, एकामागून एक. म्हणजे अकरा कार्डं एकाच खिशात होती.

नंबर मजूर पुरवणाऱ्या झुंबर मुकादमाचा होता. तो फॉर्मवर लिहिला होता मात्र गोरक्षनीच.

पोळ्याच्या सुमारास झुंबर या सगळ्यांना जीपमध्ये कोंबून खाती उघडायला घेऊन आला होता. कुणाकडेच फोन नव्हता आणि नंबर टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नव्हता. "माझाच टाका ना साहेब, मीच यांचा मायबाप," झुंबर म्हणाला होता. त्यांची बायको लता तेव्हा नाशिकला दवाखान्यात होती आणि गोरक्षना चारची गाडी गाठायची होती. त्यांनी तोच नंबर अकरा वेळा लिहिला. पुढे कार्डं आली, तीही झुंबरच घेऊन गेला; पिनचे मेसेज तर त्याच्याच फोनवर जात होते. त्या दिवशी चारची गाडी मिळाली होती. लताने मात्र त्यांना ओळखलं नव्हतं.

गोरक्ष कागद घेऊन मॅनेजरकडे गेले. तेजस्विनी मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या.

"काका, संशयास्पद व्यवहार म्हणून वर कळवावंच लागेल. पण फॉर्मवर सही तुमची आहे. चौकशी लागेल. निवृत्तीचे पैसे अडकतील."

"अडकू देत."

"खाती आत्ताच गोठवते."

"नको. शनिवारी पैसे निघाले नाहीत तर झुंबरला वास लागेल. माणसं दुसऱ्या भट्टीवर हलवेल, मग बसा शोधत. त्याला मशीनपाशी येऊ द्या."

मॅडमनी अहवालात 'नजरचुकीने' असं लिहिलं होतं. गोरक्षनी ते खोडलं. "नजर चुकली नव्हती. मला घाई होती. तसंच लिहा."

अहवालाबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, असा नियम होता. लंकाबाईलाही नाही. गोरक्ष तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. "मलाच बसवून ठिवतील," म्हणत ती दारात अडली, तेव्हा तिचा हात धरून त्यांनी आत नेलं आणि मुलगा-सून परतले नसल्याची तक्रार स्वतः लिहून दिली. फौजदाराने बँकेला पत्र देऊन खात्याची माहिती मागितली. मॅडमनी त्याच दिवशी उत्तर दिलं: एटीएम कुठलं, वार कोणता, वेळ कोणती.

शनिवारी बँक बंद झाल्यावरही गोरक्ष थांबले. बाकावर लंकाबाई होती.

"साहेब, काय कळलं का?"

"बसा, मावशी."

"बसलेच हाय की. आठ दिस बसलेच हाय."

पाच चाळीसला पडद्यावर पहिली नोंद आली. मग दुसरी, तिसरी, चौथी. गोरक्ष पाचवीची वाट पाहत राहिले. ती आली नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली, तरी नाही. मॅडम मागे उभ्या होत्या.

दोन तासांनी भट्टीवरूनच फौजदाराचा फोन आला. झुंबर मशीनपाशीच सापडला होता. पोलीस त्याला घेऊन भट्टीवर गेले. माणसं पत्र्याच्या खोल्यांत होती, बाहेरून कड्या लावलेल्या. अकराही होती. फौजदाराने फोन दीपककडे दिला.

गोरक्षनी फोन लंकाबाईच्या कानाला लावला. मुलाचा आवाज ऐकून तिने फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "सून कुठाय? तिला दे." आणि सुनेचं रडणं ऐकत बराच वेळ नुसती "हां... हां..." करत राहिली.

"काका, आता घरी जा," मॅडम म्हणाल्या. "गाडी तर गेली. मी सोडते."

गोरक्षना खरंच फार थकवा आला होता. पण अजून दहा घरी कुणाला काही माहीत नव्हतं. त्यांनी कपाटातून फॉर्मांची फाईल काढली, पाड्यांची नावं एका कागदावर उतरवली आणि मल्हारीला मोटरसायकल काढायला सांगितली.