सिक्स्टेनचा शेरा

ऑनलाइन लिलावात विक्रेता पारखायचा कसा, हे आमच्या हेर्नोसांद गावच्या नाणेमंडळात मी शिकवते. छत्तीस वर्षं टपालात काढली. पाकीट कसं बांधलंय यावरून माणूस ओळखायची खोड तिथलीच. नवे लोक येतात, कुणाच्या नावापुढे चारशे चांगले शेरे बघतात आणि हुरळून जातात. मी सांगते, शेरे मोजत बसू नका. पाच-पाच क्रोनरची फुटकळ नाणी विकून चारशे शेरे कुणीही गोळा करेल. शेरा देणारा कोण आहे ते बघा. त्यात तुमच्या ओळखीचा एखादा जाणता माणूस सापडला, तरच पुढे जा.

याच नियमाने माझा घात केला.

मला १८३१ सालचा चांदीचा रिक्सदालेर हवा होता. कार्ल योहान राजाची बाकी नाणी मी एकेक करून जमवली होती, हेच एक अडलं होतं. एप्रिलच्या शेवटी ते लिलावात आलं. विक्रेता स्वतःला 'चांदीकाका' म्हणवत होता. मी त्याचे चारशे शेरे खालपासून वर वाचत गेले आणि महिन्याभरापूर्वीच्या एका शेऱ्याशी थांबले. तो सिक्स्टेनचा होता.

सिक्स्टेन हेग्लुंद आमच्या मंडळाचा अध्यक्ष. लाल दोरीत भिंग गळ्यात घालून फिरणारा, ताडमाड, पांढऱ्या दाढीचा. एकवीस वर्षांची आमची दोस्ती. माझा नवरा गेला तेव्हा पहिला हिवाळाभर माझ्या दारातला बर्फ त्यानेच उपसला. त्याच्या शब्दावर मी डोळे मिटून विहिरीत उडी टाकली असती. तरी खात्री करायला फोन केला.

"हा चांदीकाका कसा आहे रे?"

तो म्हणाला, "मी काय लिहिलंय ते वाचलंस ना?"

"वाचलं. 'उत्तर ताबडतोब, व्यवहार चोख.'"

"मग झालं तर."

चौदा हजार क्रोनर. खालचे दोन दात बसवायला ठेवलेले पैसे होते ते. म्हटलं, दात काय, पुढच्या वर्षी बसवू. नाहीतरी एकटीच जेवते. नाणं आलं. वजन बरोबर, छाप बरोबर, पाकीटसुद्धा टपालवाल्याने नावं ठेवू नयेत असं. आठ दिवस मी सारखी पेटी उघडून बघत होते. मग विमावाल्याने तज्ज्ञाचा दाखला मागितला, म्हणून गाडीने स्टॉकहोमला गेले.

तिथला तज्ज्ञ तोर्ग्नी नावाचा शांत माणूस. त्याने राजाच्या तोंडाकडे बघितलंच नाही. नाणं उभं धरून कडेवर बोट फिरवलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हे ओतीव आहे, टांकसाळीतलं नव्हे," तो म्हणाला, "वरून चांदीचा मुलामा. कडेवर ही बारीक खाच दिसते ना, ती माझ्याच कानशीची आहे. मार्चमध्ये मीच तपासलंय हे."

कुणासाठी, ते मी विचारलं. नाव सांगणं त्याच्या नियमात बसत नव्हतं. तुमच्याच गावचे होते, एवढंच म्हणाला, आणि जरा वेळाने, बहुतेक माझी दया येऊन, लाल दोरीतल्या भिंगाचं बोलला. परतीच्या चार तासांत मी खिडकीबाहेर बघत होते, पण एक स्टेशन आठवत असेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी सिक्स्टेनच्या स्वयंपाकघरात जाऊन नाणं टेबलावर ठेवलं. त्याने ते उचललं नाही. कॉफी ओतायला लागला.

"चांदीकाकाने माझे पैसे दोन दिवसांत परत केले," तो म्हणाला. "नाणं परत पाठव आणि दोन चांगले शब्द लिही, एवढंच मागितलं. मी खोटं काय लिहिलं? उत्तर ताबडतोब आलं. व्यवहार चोख झाला. नाण्याबद्दल एक अक्षर तरी लिहिलंय का?"

"मी फोन केला होता तुला."

"तू मला थेट विचारलं नाहीस, गुनवोर."

"काय विचारायला हवं होतं? सिक्स्टेन, तू मला फसवणार आहेस का, असं?"

त्यावर तो खाली बसला. मग म्हणाला की लाज वाटली. अध्यक्ष ओतीव नाण्याला फसला हे गावभर झालं असतं. "मला वाटलं, तू बोली जिंकणार नाहीस," असंही म्हणाला. म्हणजे माझी दोस्ती याने नशिबावर सोडली होती. राग आला, त्याहून जास्त रडू आलं, आणि त्याच्यासमोर रडायचं नाही म्हणून मी कोट चढवला. दारात त्याने एकच विचारलं: "मंडळात सांगणार आहेस?" माझ्या पैशांचं काय, हे त्याने विचारलं नाही.

चांदीकाकाला लिहिलं. उत्तर अर्थातच ताबडतोब आलं. पैसे आजच परत देतो, नाणं पाठवा, दोन चांगले शब्द लिहा. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. नाणं पाठवलं असतं तर माझे दात परत आले असते आणि नाणं तिसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडलं असतं. कदाचित मीच शिकवलेल्या एखाद्याच्या, माझा शेरा वाचून. मी नाणं ठेवून घेतलं आणि लिहिलं: "नाणं नकली आहे. मी ते परत करणार नाही." मग सिक्स्टेनला फोन केला. म्हटलं, माझ्या शेऱ्याखाली एक ओळ लिही, की हेच नाणं तुझ्याकडेही आलं होतं. बाकी मी कुठे बोलणार नाही. तो म्हणाला, बघतो.

तीन दिवसांनी बघितलं तर त्याने खरंच काहीतरी केलं होतं. आपला शेरा काढून टाकला होता. आता त्या पानावर चारशे सुखी माणसं होती आणि एक भांडकुदळ म्हातारी, जिच्याबद्दल चांदीकाकाने खाली सभ्यपणे लिहिलं होतं, की पैसे देऊ केले तरी या बाई वस्तू परत करत नाहीत.

गुरुवारी मंडळात ते पान सगळ्यांनी वाचलेलं होतं. आमच्याकडे कुणी तोंडावर बोलत नाही. फक्त माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. शेवटी खजिनदार बिरगित्ता हळूच म्हणाली, की देत होता तर घ्यायचे होतेस गं पैसे, अशा लफंग्याच्या नादी का लागायचं, मनाला का लावून घ्यायचं.

सिक्स्टेन तेव्हा किटली घेऊन कप भरत होता. माझ्यापाशी आला, अर्धाच कप ओतला, दूध घातलं. मला कॉफी कशी लागते, हे त्याला विचारावं लागत नाही.

"त्या लफंग्याचं मी मनाला नाही लावून घेतलं," मी बिरगित्ताला म्हटलं. "तो मला ओळखत नव्हता."

सिक्स्टेन पुढच्या कपाकडे गेला.