खाली बसवलेली गाडी

त्याला घरीदारी सगळे बारक्या म्हणायचे. चाळिशीला टेकलेला, दोन मुलींचा बाप, पोट शर्टाच्या बटणांशी भांडत असलेला हा गृहस्थ कुठल्या बाजूनं बारका होता ते देव जाणे. दोन भावांतला धाकटा, म्हणून लहानपणी चिकटलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरायच्या, "आता बरं दिसतं की आधीचं बरं होतं?" असं विचारायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. सरळ माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण अशा माणसाच्या डोक्यात एखादं खूळ शिरलं की मग विचारूच नका.

खूळ होतं गाडीचं. गाडी म्हणजे काय, तर घरातल्या सगळ्यांना कोंबून शाळेपासून बाजारापर्यंत हिंडणारी छोटी गाडी. तिला लोअरिंग स्प्रिंग बसवायचं त्याच्या मनानं घेतलं. म्हणजे मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक स्प्रिंगा टाकायच्या, की गाडी चार बोटं खाली बसते आणि रस्त्याला चिकटून पळतेय असं वाटतं. बरं, तेवढ्यावर भागेल तर शपथ! बंपरच्या खाली एक काळी चकचकीत पट्टी हवी, आणि जुन्या पिवळट दिव्यांच्या जागी पांढरेफेक एलईडी हवेत. बायको म्हणाली, "हे वय आहे का?" तो म्हणाला, "मग कधी करू, म्हातारपणी?" तिनं कोपरापासून हात जोडले.

गॅरेजमध्ये सगळं काम झालं आणि दिव्यांचा रोख लावायचा तेवढा राहिला. समोरच्या भिंतीवर खडूची आडवी रेघ होती. गाडी ठरावीक अंतरावर उभी करायची, दिवे लावायचे आणि उजेड रेघेच्या वर चढणार नाही अशा बेतानं मागचे स्क्रू फिरवायचे. फिटरनं पान्हा हातात घेऊन विचारलं, "मागं कोण बसतं?"

"का हो?"

"मागं माणसं बसली की गाडीचं बूड दबतं आणि नाक वर होतं. सगळा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत. माणसं बसणार असतील तर मागं वजन ठेवून रोख लावतो, म्हणून विचारलं."

उत्तर काय अवघड होतं? मागं आई बसते, पोरी बसतात, डिकीत सामान असतं. पण शेजारी दोन तरणीबांड पोरं आपापल्या गाड्या घेऊन उभी होती. ती बारक्याच्या गाडीकडे चक्क कौतुकानं बघत होती, आणि त्याच्याकडे असं कौतुकानं कोणी बघून जमाना झाला होता. त्यांच्यासमोर 'आई बसते' म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"कोणी नाही," तो म्हणाला. "मी एकटाच असतो."

फिटरनं एकट्या माणसाचा रोख लावून दिला. बारक्या शीळ वाजवत घरी आला.

पुढचे काही दिवस काय ते त्याचे होते! गतिरोधक आला की गाडी तिरकी करून, श्वास रोखून, नव्या नवरीला उंबरा ओलांडायला लावावं तसा तो ती पार न्यायचा. खालून जरा कुठं खर्र झालं की हा उतरून, वाकून पट्टी तपासायचा. आई पहिल्यांदा गाडीत बसली ती धपकन पडलीच. "जमिनीवरच बसायचं होतं तर घरी काय वाईट होतं?" ती म्हणाली. उतरताना तिला दोन्ही हातांनी ओढून काढावं लागलं. बारक्या हसला. दादा तेवढा मनापासून खूश झाला. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "झकास दिसते रे! तुला लहानपणापासून सगळं चकचकीतच लागतं."

दादा म्हणजे थोरला भाऊ. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्टर होता. कापडाचे थरावर थर रचून, त्यावर खडूनं आखून, मोठ्या कात्रीनं असा कापायचा की वरचा तुकडा आणि खालचा तुकडा यात सुताचा फरक नाही. कामावर जायचा सायकलनं, यायचा सायकलनं. बारक्याला सायकल त्यानंच शिकवली होती, आणि शिकवताना बारक्याच्या तिप्पट तोच धडपडला होता.

एका संध्याकाळी बारक्या आईला आणि मावशीला घेऊन कालव्याच्या रस्त्यानं घरी येत होता. मावशी राहायला येत होती. येताना तिनं झाडांच्या दोन मोठाल्या कुंड्या डिकीत घालायला लावल्या होत्या; मातीसकट, वर भरपूर पाणी घालून. गाडीचं बूड पार दबलं होतं. मावशी तोंड उघडं टाकून झोपली होती. अंधार पडत आला होता, म्हणून बारक्यानं दिवे लावले आणि समोरची झाडं शेंड्यापर्यंत पांढरी झाली. 'वा! काय उजेड आहे!' त्याच्या मनात आलं. खरंच, असंच आलं.

समोरून येणारी एक सायकल डुगडुगली आणि दिसेनाशी झाली.

मागून आई म्हणाली, "अरे, कोणीतरी पडलं वाटतं. थांब जरा."

बारक्यानं गाडी हळू केली. आरशात बघितलं तर मागून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांशिवाय काही दिसेना. ट्रकवाला भोंगा वाजवत होता. थांबायचं तर गाडी डांबरावरून खाली उतरवायला हवी होती, आणि डांबराची कड वीतभर उंच होती, खाली नुसते दगडधोंडे. त्याच्या डोळ्यांपुढे आली ती बंपरखालची काळी पट्टी. उतरवली की तुटणार. पुढं कुठं सपाट जागा मिळाली की थांबू, असं तो स्वतःशी म्हणाला. सपाट जागा मिळाली, तेव्हा म्हणाला की आता फार पुढं आलो.

"कोणी नाही गं आई," तो मोठ्यानं म्हणाला. "वळला असेल तो शेतात."

आई मागं वळून काचेतून बघत राहिली. घरी पोचून कुंड्या उतरवल्या, मावशीचं चहापाणी झालं, आणि वहिनीचा फोन आला. दादा कालव्याच्या रस्त्यावर पडला होता. उजवं मनगट मोडलं होतं.

फोन कानाला तसाच धरून त्यानं आईकडे पाहिलं. आईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि चपला घालायला वळली.

दवाखान्यात दादा कण्हत होता, पण तोंड चालू होतं. "कोण हरामखोर होता कोण जाणे! सूर्यच घेऊन आला अंगावर. समोर पांढरंफट, रस्ता दिसेना, हँडल गेलं कुठं आणि मी गेलो कुठं. मेल्याचे दिवे त्याच्या उशाशी लावून ठेवले पाहिजेत, जन्मभर डोळ्याला डोळा लागू नये त्याच्या!" वहिनी रडता रडता हसली. नर्स हसली. बारक्यानंही हसायचा प्रयत्न केला, पण तोंड वाकडं झालं. वय वाढलं की दिपलेल्या डोळ्याला पुन्हा दिसू लागायला जास्त वेळ लागतो, हे तो गिऱ्हाइकांना रोज सांगायचा. स्वतःच्या भावाच्या वयाचं गणित त्याला त्या उजेडात सुचलं नव्हतं.

"आणि सांगू?" दादा म्हणाला. "दिपले डोळे, पडलो, एक वेळ ठीक. होतं असं. पण तो गाडी हळू करून पुढं गेला रे! मला वाटलं, आला आता उतरून. हाका मारल्या मी. कोणी शेतकरी येईपर्यंत खड्ड्यात हात धरून पडलो होतो."

बारक्या पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून बाहेर गेला आणि जिन्यात उभा राहून ढसाढसा रडला. परत आला ते डोळे पुसून. बोलला मात्र नाही. आता सांगितलं तर दादाच्या मनातून आपण कायमचे उतरू, अशी त्याला भीती वाटली. वडील गेल्यावर त्याला घट्ट धरून ठेवणारं माणूस जगात हेच एक होतं.

मग सुरू झाली सेवा. सकाळी दुकानात जायच्या आधी दादाकडे, संध्याकाळी दादाकडे. फळं, औषधं, तपासणीला नेणं-आणणं, वहिनीच्या गॅसचं सिलिंडरसुद्धा हाच उचलून आणायचा. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "असा दीर मिळायला भाग्य लागतं." प्रत्येक वेळी बारक्याला वाटायचं, कोणीतरी आपल्याला भर रस्त्यात मुस्कटात मारावी. आईचं तर वेगळंच होतं. ती पूर्वीसारखी बोलायची, जेवायला वाढायची, पण त्या संध्याकाळचं नावही काढत नव्हती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

एक दिवस त्यानं गाडी गॅरेजमध्ये नेली आणि सगळं काढून टाकलं. जुन्या स्प्रिंगा, जुने दिवे. "आवडली नाही का?" फिटरनं विचारलं. "मागं माणसं बसतात," बारक्या म्हणाला. वाटलं होतं, निदान रात्री झोप लागेल. कसली झोप न् कसलं काय.

दादाच्या लगेच लक्षात आलं. "गाडी उंच केलीस?"

"आईचे गुडघे दुखतात," बारक्यानं ठोकून दिलं.

प्लास्टर निघालं, पण हाताची मूठ काही पुरती वळेना. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, बघू. कारखान्यात दादाच्या टेबलावर दुसरा माणूस उभा राहिला होता. रविवारी सकाळी बारक्या आईला घेऊन गेला, तर दादा कॉटवर बसून डाव्या हातानं जुना पेपर कापत होता. इतक्या वर्षांचा कटिंग मास्टर, आणि पेपर उंदरानं कुरतडल्यासारखा. "बघ," दादा हसून म्हणाला, "पहिलीतल्या पोरानं कापला असता की नाही याहून बरा?"

बारक्याचा बांध फुटला.

"दादा, ते दिवे माझे होते," तो म्हणाला. "कालव्याच्या रस्त्यावर. माझीच गाडी होती. माफ कर मला."

दादाचा हात थांबला. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत मटार सोलत होती, तिनंही हात थांबवला. बारक्यानं घडाघडा सगळं सांगितलं. गॅरेज, ती पोरं, 'मी एकटाच असतो', कुंड्या, वर गेलेला उजेड. फक्त एक गोष्ट तोंडातून निघाली नाही.

दादानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "गाढवा! दोन पोरांपुढे ऐट मारायची म्हणून? अरे, आईला मागं बसवायची लाज वाटली तुला?" रागावलेला होता, पण आवाजात कुठंतरी ओलावा होता. "एवढे दिवस एकट्यानं उरावर घेऊन हिंडलास होय! जाऊ दे. मी पडलो हे तुला दिसलं नसेलच. दिसतं तर तू काय गेला असतास?"

बारक्यानं मान खाली घातली.

"मी पण होते की गाडीत," आई चटकन म्हणाली. "मला तरी कुठं काही दिसलं?"

तिनं पुन्हा मटार सोलायला घेतले. दाणे जमिनीवर पडत होते. या बाईनं उभ्या आयुष्यात थोरल्या मुलाशी एक शब्द खोटा बोललेला बारक्यानं ऐकला नव्हता. सुटलो, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. येऊन गेलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

"खोटं आहे ते," तो म्हणाला. "आई म्हणाली होती, दादा. कोणीतरी पडलं, थांब, म्हणाली होती. मीच नाही थांबलो."

"का?"

"गाडी खाली उतरवली असती तर..." जमिनीवरच्या दाण्यांकडे बघत तो म्हणाला, "बंपरची पट्टी तुटली असती."

स्वयंपाकघरात वहिनीनं कप मांडल्याचा आवाज येत होता. दादानं कात्री बाजूला ठेवली. तो ओरडेल, निघ म्हणेल, काहीतरी फेकून मारेल, याची बारक्या वाट बघत होता. मनातून त्याला तेच हवं होतं.

"एक विचारू?" दादा म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "तिथं मी नसतो, दुसराच कोणी पडलेला असता, तर तू शोधायला गेला असतास का रे त्याला? असं सांगायला?"

हो म्हणणं सोपं होतं. पण आईच्या तोंडून एक खोटं निघालं होतं ते त्याच्यापायी, आणि आता त्यात भर घालायची त्याच्यात ताकद नव्हती.

"नाही," तो म्हणाला.

दादानं मान हलवली. "मग माझी माफी कशाला मागतोस?" तो म्हणाला. "तू मला कुठं सोडून गेलास? तू कोणालातरी सोडून गेलास. त्याच्या वतीनं मी काय बोलू?"

वहिनी चहा घेऊन आली, तिनं तिघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता ट्रे ठेवला. दादानं डाव्या हातानं कप उचलला. चहा हिंदकळला, म्हणून बारक्यानं धरायला हात पुढं केला.

"राहू दे," दादा म्हणाला, आणि कप गुडघ्यावर टेकवत टेकवत डाव्याच हातानं हळूहळू पीत राहिला.