मिचकावलेला डोळा

आमच्या ह्यांनी पडद्यावर जितकी माणसं मारली, तितकी एखाद्या साथीनेसुद्धा मारली नसतील. गोळ्या घालून मारली, कड्यावरून ढकलून मारली, एकाला तर नुसतं हसून मारलं. त्याचं काळीज म्हणे आधीच नाजूक होतं. आणि हाच माणूस स्वयंपाकघरात झुरळ निघालं की खुर्चीवर चढून मला हाका मारतो. मी चप्पल घेऊन येते, कार्यभाग उरकते, मग खलनायक खाली उतरतात. वर "मेलं ना नक्की?" असं विचारतात. आमच्या घरात खरे खून मीच केलेत, पण त्याचं कौतुक कधी कुणाला नाही.

बाहेर मात्र काय तो दरारा! दुकानात गेलो की लोक रांगेत ह्यांना पुढे जागा द्यायचे. बायका मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारायच्या, "घरी त्रास देतात का हो?" मी म्हणायचे, "देतात की. चष्मा कुठे ठेवलाय म्हणून दिवसभर छळतात." त्यांचा विश्वास बसायचा नाही. नवरा दुष्ट असल्याचं दुःख मी लपवते आहे असं वाटून त्या आणखीच हळहळायच्या.

ह्या सगळ्याचं मूळ म्हणजे ह्यांचा डोळा. डावा. कुणाचा घात करण्याआधी ह्यांचा खलनायक सावकाश एक डोळा मिचकावतो, आणि थिएटरातल्या पोरांची बोबडी वळते. पोस्टरवरही तेच चित्र असायचं. एक डोळा मिटलेला, दुसरा तुमच्यावर रोखलेला. मोठमोठ्या समीक्षकांनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले. कुणी म्हणालं, ही थंड क्रूरता आहे. कुणी म्हणालं, त्यात सगळ्या मानवजातीचा उपहास आहे. वाचून मला हसू आवरायचं नाही, कारण तो डोळा पहिल्यांदा मिचकावला तेव्हा मी तिथेच होते, हातात ह्यांचा जेवणाचा डबा घेऊन.

एका गोदामात शूटिंग चाललं होतं. ह्यांनी एका लहान मुलीला फुगा दाखवून फसवायचं, पळवून आणायचं आणि खांबाला बांधून तिच्या बापाच्या नावाने गर्जना करायची, असा प्रसंग. मुलगी खरीच घाबरली होती. दिग्दर्शक खूश. म्हणाला, "रडू दे, छान रडतेय." हे मात्र कॅमेरा लागायच्या आधी तिच्यासमोर उकिडवे बसले. "हे बघ," म्हणाले, "मी आता खूप ओरडणार आहे. ते सगळं खोटं. भीती वाटली तर माझ्याकडे बघ. मी डोळा मिचकावला की समजायचं, काका आपल्याच बाजूचा आहे." आणि भर गर्जनेत तिचे ओठ थरथरायला लागले तसे हे संवाद अर्ध्यावर सोडून थांबले आणि त्यांनी डोळा मिचकावला.

आता शॉट फुकट गेला म्हणून बोलणी बसणार, असं मला वाटलं. तर दिग्दर्शक खुर्चीवरून उडालाच. "काय भयंकर केलंत हो! अंगावर काटा आला!" ह्यांनी सांगायचा प्रयत्न केला, पण ऐकतो कोण? सिनेमा धो धो चालला. पुढचे निर्माते आधी डोळ्याचं विचारायचे, मग तारखांचं. एका घाबरलेल्या पोरीला दिलेल्या धीरावर आमचं घर उभं राहिलं, आणि तो धीर होता हे त्या पोरीखेरीज आणि आमच्याखेरीज कुणाला कळलंच नाही.

मग आमच्या आयुष्यात भिंगरी आली. लेकीची लेक. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. लेक आणि जावई दोघं नोकरीवर, तेव्हा शाळा सुटली की ती आमच्याकडे. आजोबांचं आणि तिचं एकच काम, माझ्याविरुद्ध कट करणं. मी दूध संपव म्हणून डोळे वटारले की हे तिच्याकडे बघून डोळा मिचकावणार. तिला एकच डोळा मिटता यायचा नाही, म्हणून ती दोन्ही गच्च मिटून उत्तर देणार. मग दूध कुंडीत. ते झाड इतकं माजलंय की गच्चीचं दार उघडत नाही. मला सगळं दिसायचं. मी मुद्दाम पाठ फिरवायचे, कारण म्हातारपणी माणसाला इतकं आनंदात बघायला मिळणं ही साधी गोष्ट नाही.

आणि एका दुपारी शेजारणीकडे टीव्हीवर तो सिनेमा लागला. भिंगरी तिथेच खेळत होती. शेजारीण कौतुकाने म्हणाली, "बघ, तुझे आजोबा!" भिंगरीने बघितलं. फुगा बघितला, खांब बघितला, आणि शेवटी तो डोळा. घरी आली ती पांढरीफटक. ह्यांना काय माहीत? वर्तमानपत्रातून डोकं काढून ह्यांनी नेहमीसारखा डोळा मिचकावला. ती जी किंचाळली, आणि माझ्या मागे लपली ती लपलीच.

त्या दिवसापासून ती आजोबांच्या खोलीत जाईना. मी पाणी आणायला उठले तरी माझं बोट धरून मागे. आजोबा समोर बसले की ताट घेऊन दुसरीकडे तोंड. हे आपले समजावायचे, "अगं, ते खोटं खोटं असतं." ती मला कानात म्हणाली, "आजी, त्या सिनेमातपण ते आधी गोडच बोलत होते."

बरं, आमच्या ह्यांना एरवी सुचतं तेही अशा वेळी सुचत नाही. तिला खूश करायचं म्हणून बाजारात गेले आणि काय आणावं? फुगा! लाल फुगा हातात धरून दारात हसत उभे. पोर पलंगाखाली शिरली. मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, दुसरं काही मिळालं नाही? दोरीपण आणायची होतीत जोडीला!" मग आरशासमोर प्रेमळ हसण्याचा सराव सुरू झाला. जन्मभर ज्या गालांनी कपट केलं ते गाल असे ऐकतात होय? मीच दचकले. त्यांना म्हटलं, "हे हसू बाहेर काढू नका, शेजारी पोलिसांना बोलावतील."

थट्टा करत होते, पण मला आतून तुटत होतं. हे डोळा मिचकावायचेच बंद झाले. भिंगरी असली की खाली बघून बसायचे, आपल्याच घरात चोरासारखे. आणि त्यातच लेकीने सांगितलं, "आई, ती इथे यायला नको म्हणते गं. पुढच्या महिन्यापासून तिला पाळणाघरात ठेवू. बाबांना वाईट वाटेल, तूच सांग." मी सांगितलं. हे म्हणाले, "बरोबर आहे. लेकराला भीतीत कशाला ठेवायचं?" आणि चष्मा पुसत बसले. तो चष्मा चांगला स्वच्छ होता.

मला त्या रात्री राग आला. भिंगरीचा नाही, लेकीचा नाही, ह्या डोळ्याचा. आणि सकाळी चहाबरोबर बिस्किट खाताना हे "आई गं" म्हणून गाल धरून बसले, तेव्हा मला वाट दिसली. दाढ दुखत होती बरेच दिवस, हे लपवून एका बाजूनेच चावत होते. कारण दातांच्या डॉक्टरपुढे झुरळ म्हणजे काहीच नाही. आमची दातांची डॉक्टर म्हणजे तीच ती खांबाला बांधलेली पोरगी. त्या एका सिनेमानंतर तिने पुन्हा कॅमेऱ्यासमोर पाऊल टाकलं नाही. शिकली, दवाखाना काढला. अजून ह्यांना काका म्हणते. मी तिला फोन केला, वेळ घेतली आणि भिंगरीलाही बरोबर घेतलं. पळवलेली मुलगी जिवंत आहे, धडधाकट आहे, एवढं पोरीने डोळ्यांनी बघितलं तरी पुरे, इतकाच माझा बेत होता.

दवाखान्यात भिंगरी माझ्या मांडीला चिकटून दाराजवळच्या बाकावर. हे त्या लांबुळक्या खुर्चीवर आडवे, दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळलेले, पांढऱ्या दिव्याखाली चेहरा घामेजलेला. हत्यारांच्या ताटलीचा नुसता आवाज झाला तरी पाय वर उचलत होते. भिंगरी हळूच मला म्हणाली, "आजी, आजोबा घाबरलेत?"

"घाबरलेत? अगं, पळून जातील म्हणून मी दाराशी बसलेय."

डॉक्टरीण तोंडावरचा मास्क खाली करून ह्यांच्यावर वाकली. "काका, इकडे बघा. हे यंत्र आता खूप आवाज करणार आहे. तो नुसता आवाज. भीती वाटली तर माझ्याकडे बघायचं. मी डोळा मिचकावला की समजायचं, मी तुमच्याच बाजूची आहे." आणि तिने मिचकावला. अगदी तसाच, सावकाश, डावा.

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं, शपथेवर सांगते.

भिंगरी ताडकन उठून उभी राहिली. "तुम्हीपण मुलं पळवता?"

"मी?" डॉक्टरीण हसली. "मलाच पळवलं होतं की गं. ह्या काकांनीच."

भिंगरी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिली. "खांबाला बांधलेली? ती तुम्ही?"

"तीच मी. फार घाबरले होते. सगळ्यांना वाटत होतं, छान रडतेय. तुझ्या आजोबांनाच तेवढं कळलं की मी खरी रडतेय. म्हणून त्यांनी डोळा मिचकावला."

"पण तो तर सिनेमात आहे."

"चुकून राहिला तो सिनेमात. तो माझ्यासाठी होता."

भिंगरी परत येऊन माझ्या मांडीला चिकटली. तिला पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरणीने मास्क वर केला, सुई टोचून दाढ बधिर केली आणि थोड्या वेळाने यंत्र सुरू केलं. त्या आवाजासरशी आमच्या महाखलनायकाने दोन्ही डोळे असे काही गच्च मिटून घेतले की भुवया नाकाशी येऊन भिडल्या.

आणि माझ्या मांडीवरचा हात सुटला. भिंगरी चालत खुर्चीपाशी गेली. टाचा उंच करून तिने ह्यांच्या आवळलेल्या मुठीवर आपला हात ठेवला. डॉक्टरणीने यंत्र थांबवलं. पोरीला अजूनही एक डोळा मिटता येत नव्हता, म्हणून तिने दुसऱ्या हाताच्या बोटाने आपला डावा डोळा दाबून मिटला आणि ती वाट बघत उभी राहिली. वर काही हालचाल होईना.

"आजोबा," ती म्हणाली, "एक तरी डोळा उघडा ना. मी केव्हाची मिचकावतेय, तुम्हाला दिसणार कसं?"

ह्यांनी एक डोळा उघडला. उजवा. डावा भीतीने तसाच मिटलेला. पोस्टरवरचा तोच चेहरा, फक्त उघड्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं.

भिंगरीने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि मला बजावलं, "आजी, तू तिकडे तोंड कर."

मी मुकाट्याने पाठ फिरवली.