पडावाची गाडी

सुरतेच्या कडेला, कोसाडच्या बाजूला एका सरकारी आवारात, भिंतीला टेकून, चाकं काढलेली एक पांढरी रुग्णवाहिका उभी आहे. मित्रांनो, ती मी. माझ्या दारावरची लाल फुली आणि गंज आता वेगळे ओळखू येत नाहीत.

नवी होते तेव्हा मला चलथाणच्या पलीकडे, उसाच्या शेतांमधल्या एका लहान आरोग्य केंद्राला दिलं होतं. बाबुराव माझे चालक, मालतीबाई तिथल्या नर्स. दिवाळी झाली की केंद्राजवळच्या रानात पडाव पडे. खानदेशातली कुटुंबं बैलगाड्या घेऊन ऊस तोडायला येत, पाचटाच्या झोपड्या घालून राहत आणि उन्हाळ्यात परत जात. पावसाळ्यात तिथे नुसतं गवत असे.

पहिल्याच हंगामात पडावातल्या भटूची बायको भागीरथी बाळंतपणात अडली. मालतीबाई तिला घेऊन मागे बसल्या. पुढे बसलेला भटू प्रत्येक वळणावर बैल हाकल्यासारखा हात उगारायचा. बाबुराव म्हणाले, "हात खाली घे रे भटू, या गाडीला चाबूक लागत नाही." तशा कळांतही भागीरथी हसली. सुरतेच्या इस्पितळात ती सुखरूप सुटली. मुलगी झाली, सुवर्णा. परतल्यावर पडावातल्या बायांनी मला हळदकुंकू वाहिलं. मालतीबाईंनी भटूला बजावलं, की पुन्हा अशी वेळ आली तर बैल जुंपत बसू नकोस, निरोप धाड, गाडी येईल. भटूने ते मनात पक्कं धरलं.

मग सुरतेत प्लेग आला. तो ओसरला तरी शहराची भीती गेली नव्हती. पुढच्या पावसाळ्यात, कुठे किती गाड्या ठेवायच्या हे ठरवायला एक साहेब केंद्रावर आले. त्यांनी ओसाड रान पाहिलं, रिकामी ओसरी पाहिली. मालतीबाई म्हणाल्या, "साहेब, दिवाळीनंतर या. इथे अख्खं गाव असतं."

"दिवाळीपर्यंत थांबता येणार नाही, बाई," साहेब शांतपणे म्हणाले. "गाडी एक आहे. आज जिथे माणसं आहेत, तिथे ती गेली पाहिजे."

ते खोटं बोलत नव्हते. मला आणि बाबुरावांना कोसाडला आणलं. तिथल्या वस्त्यांतही गर्दी होती, आजारी होते, कापडाच्या लूमवर काम करणारी खानदेशचीच माणसं होती. मी एक दिवस रिकामी राहिले नाही. मालतीबाईंचीही बदली झाली. दिवाळीनंतर पडाव पुन्हा पडला, तेव्हा गाडी गेल्याचं सांगायला तिथे ओळखीचं कुणी उरलं नव्हतं.

त्याच थंडीत, एका दुपारी, मी सुरतेच्या त्याच इस्पितळाच्या फाटकात उभी होते. एक टेम्पो आला. त्यातून भटू उतरला. आत गोधडीवर भागीरथी होती. तिला आत नेलं आणि थोड्याच वेळात डॉक्टर बाहेर आले. उशीर झाला होता. आई गेली, बाळही गेलं.

भटूची नजर माझ्यावर पडली. तो जवळ आला, माझ्या दारावर हात ठेवून बाबुरावांना म्हणाला, "भाऊ, गाडी आठे शे? आम्ही तठे वाट दखत बसनूत."

मी इथे होते; तिथे सकाळी कळा सुरू होताच त्याने केंद्रावर निरोप धाडला होता आणि उलट निरोप आला नाही तरी रस्त्याच्या कडेला वाट बघत बसून राहिला होता. बैल दावणीलाच होते. टेम्पो थांबवा म्हणणाऱ्यांना त्याने सांगितलं होतं, गाडी येते, मागे आली होती. बाबुरावांनी त्याला धरून माझ्या पायरीवर बसवलं. टेम्पोत सुवर्णा झोपली होती.

पुढे मी बरीच वर्षं धावले. माझं इंजिन थकलं, मग मला इथे आणून ठेवलं. माझी तक्रार गंजाबद्दल नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी त्या साहेबांच्या खुर्चीवर बसेल. गाड्या थोड्या असतील आणि मागणारी माणसं पुष्कळ. तेव्हा समोरच्यांची गरज जरूर बघा. पण माझ्यासारखी गाडी हलवण्याआधी त्या ओसाड रानात क्षणभर थांबा आणि विचारा, आज इथे कोण नाही, आणि ते परत येतील तेव्हा कुणाची वाट बघतील?